सासूबाईंची कॅप्सूल

चातुर्मासात आमच्याकडे मारामारीच्या मालिका बंद. म्हणून परवा सूर्यास्ताआधी जेवणं उरकून 'शिप ऑफ थिसियस' (२०१३) लावला. त्यातले साधू मैत्रेय (पंथ काल्पनिक, पण आपलाच वाटतो) यकृत बिघडलं तरी प्राण्यांवर तपासलेली औषधं नाकारतात. नीरज काबी किती वाळलेत त्यात! शेवटी ते उपचार घेतात, तेव्हा सासूबाई "बरं केलं" म्हणाल्या.

सकाळी स्वतःची कॅप्सूल हातात धरून त्यांनी विचारलं, "हिचं आवरण कशाचं असतं गं?"

जिलेटिनचं, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्याचं. मला दोन वर्षं ठाऊक होतं. सांगितलं.

त्या काहीच बोलल्या नाहीत. मी डॉक्टरांना फोन केला. तेच औषध साध्या गोळीत मिळतं. तेव्हाच का नाही विचारलं मी?