पाना आणि पावती

मध्य प्रदेशातल्या बैहरच्या आसपास मोटारींचा कारखाना नाही. मात्र मोटारीच्या वायरिंगला लागणारं तांबं जिथून निघतं, ते मलाजखंड जवळच आहे. हिंदुस्थान कॉपरची ही खाण १९८२ साली सुरू झाली आणि फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर या कामांना इथे रोजगाराचं मोठं ठिकाण मिळालं. आज आयटीआय झालेली इथली मुलं पुण्या-चाकणच्या मोटार कारखान्यांची वाट धरतात, तेव्हा त्यांना हमखास मिळणारा सल्ला असा : हातात कसब असलं की युनियनची गरज नाही. हा सल्ला देणारे कारखाना बाहेरून पाहतात, असं मला वाटतं.

फोर्डनं १९१३ साली जोडणीची सरकती लाइन सुरू केली आणि चासी जोडायला लागणारे साडेबारा तास लवकरच दीड तासावर आले. जोडणाऱ्याचं कसब तेव्हाच तुकड्या-तुकड्यांत वाटलं गेलं. ते टिकलं टूलरूममध्ये आणि मेंटेनन्समध्ये : डाय म्हणजे साचा घासून बसवणारा, पीएलसी म्हणजे मशिनीचा नियंत्रक वाचून रोबोचा बिघाड शोधणारा. लाइन अडली की सगळे त्याच्याकडे धावतात. पण ही वट बिघाडापुरती. लाइन चालू झाली की तो पगारपत्रकावरचा एक खर्च. त्यात त्याचं बरंचसं ज्ञान त्याच कारखान्याच्या मशिनींचं असतं, त्याला बाहेर गिऱ्हाईक नाही. ग्रेड, ज्येष्ठता, कुठलं काम कुणाचं, हे लेखी करारात असेल तरच त्या ज्ञानाला भाव येतो, आणि करार एकट्याशी कुणी करत नाही. १९६१चा अ‍ॅप्रेंटिस कायदा तर शिकाऊ उमेदवाराला कामगारच मानत नाही. म्हणजे कसबाची सुरुवातच हक्काविना.

युनियननं कारखाने बुडवले, हा आक्षेप नेहमीचा. काही संपांनी कामगारांचंच नुकसान केलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण टेल्कोचं, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचं, उदाहरण उलट बाजूनंही वाचावं. कंपनीचे प्रमुख सुमंत मूळगावकर यांनी पिंपरीत मशीन टूल आणि प्रशिक्षणाचा पाया घातला. तिथल्यासारखा शिकलेला कामगार देशात थोड्याच ठिकाणी होता. तरी १९८९ मध्ये कामगार नेते राजन नायर यांच्या नेतृत्वाखाली या कामगारांना पुण्यात शनिवारवाड्यावर उपोषणाला बसावं लागलं. कंपनीनं दुसऱ्या संघटनेशी करार केला आणि लढा मोडला. एकेकट्या कसबानं भाव मिळत असता, तर ही वेळ या कामगारांवर का आली असती?

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो : कुशल कामगारांची युनियन म्हणजे दारावरचा पहारा, बाकीच्यांना आत न घेण्यासाठीचा. हा मोह खरा आहे. पण स्वतःचा आवाज राखायला वेगळं घर थाटावं लागत नाही. २०१५ मध्ये अमेरिकेत जनरल मोटर्सचा करार उत्पादन कामगारांनी मान्य केला, कुशल कारागिरांनी फेटाळला. युनियन एकच होती, तरी करार अडला आणि त्यांच्या तक्रारी ऐकाव्या लागल्या. आणि दार उघडंही ठेवता येतं : हरियाणात मानेसरला २०११च्या ऑक्टोबरमध्ये मारुतीचे कायम कामगार कंत्राटी साथीदारांना परत घ्या म्हणून काम थांबवून बसले. हा प्रश्न इथलाही आहे. मलाजखंडची खाण आता खुल्या खोदकामाकडून भूमिगत कामाकडे वळली आहे. भूमिगत काम ठेकेदारामार्फत होतं, तेव्हा ठेकेदाराच्या हजेरीपटावरचा फिटर आणि कंपनीचा फिटर तेच बेअरिंग बदलतात. युनियनच्या वर्गणीची पावती अशा दोघांच्याही नावानं फाडली जाते का, हे इथल्या मुलांनी चाकणला पोचल्यावर पहिल्यांदा विचारावं.