एकादशी कुलपात



टीव्हीवरचा कार्यक्रम हार्ड डिस्कवर उतरवून घेतला की तो आपला झाला, अशी आपली साधी समजूत असते. पूर्वी कॅसेट भरली की ती आपली असायची, तसंच. सेट-टॉप बॉक्सच्या बाबतीत मात्र हे गणित चुकतं.

आमच्या अक्काने बरीच वर्षं पायी वारी केली. गुडघ्यांनी दगा दिला आणि वारी सुटली. आषाढीची शासकीय महापूजा पहाटे अडीचच्या सुमारास असते. सह्याद्रीवर ती दाखवतात, पण ऐंशीच्या बाईने तेव्हा उठून बसायचं कसं? म्हणून २०१९ साली मी बॉक्सला बाहेरची हार्ड डिस्क जोडली.

पहिल्या दिवसापासून कुरबुर. डिस्क टक् टक् करायची आणि दहा मिनिटांत रेकॉर्डिंग थांबायचं. अशा वेळी आधी एकच पाहावं : थेट चित्र नीट आहे ना? तेच तुटत असेल तर दोष छतावरच्या डिशचा किंवा पावसाचा. पावसाचे थेंब सिग्नल शोषून घेतात, आणि आषाढी तर ऐन पावसाळ्यात! चित्र नीट असून रेकॉर्डिंग तुटत असेल तर डिस्ककडे वळावं. साध्या यूएसबी २.० जोडणीतून ५०० मिलिअँपिअर वीज मिळते, आणि छोट्या डिस्कला फिरायला लागताना अनेकदा त्याहून जास्त लागते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये लावला आणि टक् टक् थांबली.

महापूजा उतरली. पुढे २०२० आणि २०२१ साली पायी वारी झालीच नाही. पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. त्या दोन वर्षांत अक्काने २०१९ची ती पूजा किती वेळा पाहिली असेल, त्याला हिशेब नाही.

मग २०२२ साली बॉक्स बिघडला. कंपनीच्या माणसाने नवा बसवला. त्याला डिस्क जोडली, तर पडद्यावर अक्षरं उमटली : ही डिस्क फॉरमॅट करा. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं! संगणकाला जोडली, तिथेही तेच. "जुनं रेकॉर्डिंग विसरा काका," असं सांगून तो मुलगा निघून गेला.

कारण असं. पैसे भरून घ्यायच्या सेवांमधले बरेचसे बॉक्स रेकॉर्डिंग सांकेतिक रूपात लिहितात, आणि ते उलगडायची किल्ली त्या बॉक्सपाशीच असते. बॉक्स गेला की किल्ली गेली. डिस्क धडधाकट, आतली माहिती शाबूत, पण वाचता येत नाही.

अक्काला हे समजावून सांगितलं. ती म्हणाली, "अरे, डिस्क आपली, पैसे आपण भरले, आणि आपल्याच घरात आपल्याला बंदी?" चाळीस वर्षं मुलांना शिकवलं, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही. कार्यक्रमांच्या मालकांना चोरीची भीती असते, हे मला कळतं. पण त्या कुलपाला चोर आणि अक्का यांतला फरक कळत नाही.

आता मी दूरदर्शनच्या फ्री डिशचा साधा बॉक्स घेतला आहे. डीडी डायरेक्ट प्लस या नावाने २००४ साली सुरू झालेली हीच ती सेवा. तिला महिन्याचं भाडं नाही, आणि माझ्या बॉक्समधली रेकॉर्डिंगची फाइल संगणकावर व्हीएलसीमध्ये सरळ उघडते. फक्त डिस्क फॅट-३२ पद्धतीची असेल तर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही. साध्या चित्राचे साधारण दोन-सव्वादोन तास.

तुम्हीही काही जपून ठेवणार असाल, तर आधी पाच मिनिटं रेकॉर्ड करा आणि ती फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहा. उघडली तरच भरवसा ठेवा, आणि महत्त्वाचं असेल त्याची आणखी एक प्रत करा. पडद्यावर 'फॉरमॅट करू का' असं आलं, तर घाईने 'हो' म्हणू नका.

अक्काला आता नवी पूजा दाखवतो. ती पाहते, हात जोडते, आणि मग विचारते, "ती जुनी उघडली का रे?"

जुनी डिस्क मी पुसलेली नाही. कपाटात आहे.