कलम अठ्ठ्याऐंशी

गेल्या महिन्यात साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात आमचा मिक्सर परत आणावयास गेलो असता, तेथील कारागिराने पाठ उघडी टाकलेला एक जुना, पोटाळ दूरदर्शनसंच प्रयोगादाखल चालू केला, आणि आतल्या तारांवर वर्षानुवर्षे साचलेली धूळ तापून जो करपट, किंचित गोडसर वास सुटला, त्याने मला सांगलीच्या गावभागात, मामांच्या माजघरात नेऊन बसविले. त्या वासाचा आणि विद्येचा संबंध माझ्या मनात इतका दृढ आहे की, तो आल्याबरोबर आता कोणीतरी प्रश्न विचारणार, अशी अपेक्षा उत्पन्न होते. कारागिराने मात्र मजकडे मिक्सरचे पैसेच मागितले.

मामा जिल्हाधिकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. उभ्या नोकरीत त्यांनी असंख्य टिपण्या लिहिल्या आणि त्या सर्वांखाली दुसऱ्यांच्या सह्या झाल्या. तगाई, इनामवर्ग, वतनाची कैफियत, फेरफाराची मुदत, यांपैकी कोणत्याही विषयात साहेबांची गाडी अडली की दप्तर मामांच्या मेजावर येई आणि अडचण दूर झाली की निमूट परत जाई. याखेरीज त्यांचे वाचन अफाट आणि निर्हेतुक होते. रेल्वेची वेळापत्रके, जुनी पंचांगे, राज्यघटनेची सरकारी आवृत्ती, पुडीच्या कागदावरील अर्धवट बातमी, काहीही त्यांस वर्ज्य नव्हते. या साऱ्याचे पुढे काय करावयाचे, हा प्रश्न त्यांना कधी पडला नसावा. घरात तर तो कोणीच विचारला नाही. घरातले लोक त्यांना विचारीत ते एवढेच की, दळण आणले का.

माझ्या आठवणीत जी एक रात्र ठाण मांडून बसली आहे ती ऑक्टोबर 2000 मधील आहे. ‘कौन बनेगा करोडपती’ हा कार्यक्रम त्याच वर्षीच्या 3 जुलैला सुरू झाला होता आणि रात्री नऊ वाजता हरभट रोडवरची वर्दळ ओसरू लागे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्या रात्री समोर मुंबईचे हर्षवर्धन नवाथे बसले होते. सनदी सेवांच्या परीक्षेची तयारी करणारा हा तरुण एक कोटी रुपयांच्या प्रश्नापर्यंत येऊन पोहोचला होता. संसदेच्या कामकाजात भाग घेण्याची मुभा राज्यघटना पुढीलपैकी कोणास देते, असा तो प्रश्न. माजघरात आम्ही दहाबारा माणसे श्वास रोधून बसलो होतो, शेजारच्या बिऱ्हाडातील मुलेही उंबऱ्यावर दाटीने उभी होती, आणि चार पर्याय पडद्यावर पुरते उमटतात न उमटतात तोच मामा आपल्या नेहमीच्या, टिपणी वाचून दाखविण्याच्या स्वरात म्हणाले, “ॲटर्नी जनरल. कलम अठ्ठ्याऐंशी.” इतके बोलून ते उठले आणि दिंडीदरवाजाला कुलूप लावावयास निघून गेले.

तिकडे अमिताभ बच्चन उत्तराला कुलूप घालण्याची अनुज्ञा मागत होते आणि इकडे मामा खरेखुरे कुलूप लावीत होते. पुढे जो जल्लोष झाला, धनादेशावर सही झाली, एका रात्रीत एक मराठी मुलगा साऱ्या देशाला ठाऊक झाला, ते मामांनी पाहिले नाही. ते परत आले तेव्हा कोणीतरी त्यांना उत्साहाने सांगितले की, तो जिंकला. “हो का? बरं झालं,” असे म्हणून त्यांनी पाण्याचे भांडे उचलले. ते निकालापूर्वी का उठले, या कोड्याने माझा आजवर पिच्छा पुरविला आहे.

वास्तविक प्रश्नमंजुषा पाहण्याच्या या छंदाची दीक्षा मला साताऱ्यातच मिळावयास हवी होती. परंतु आमच्या वडिलांच्या मते दूरदर्शन हे परीक्षेत नापास होण्याचे एक खर्चिक साधन होते, आणि ज्यांच्या कौलांवर सिंहगडाच्या रोखाने उंच ॲन्टेना उभारलेल्या होत्या अशा मोजक्या शेजाऱ्यांकडे बसावयास जाणे त्यांना कमीपणाचे वाटे. तेव्हा सुट्टीत सांगलीस जाणे हाच राजमार्ग होता. तेथे 1985 मध्ये सुरू झालेला सिद्धार्थ बासू यांचा ‘क्विझ टाइम’ मी प्रथम पाहिला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या जोड्या अस्खलित इंग्रजीत उत्तरे देत, आणि मला त्यातले निम्मेही कळत नसे. मामांचे इंग्रजी परिपत्रकांवर पोसलेले असल्यामुळे त्यांना उच्चार कळत नसत, मात्र विषय कळे. ‘टेम्स’ आणि ‘नाईल’ एवढे दोन शब्द कानी पडले तरी प्रश्न काय असेल, हे ते अनुमानाने ठरवीत, आणि पुष्कळदा ते अनुमान खरे ठरे. उत्तरे ऐकण्यापेक्षा मामांनी प्रश्न ओळखलेला पाहण्यातच मला अधिक गोडी वाटे.

येथे रामशास्त्री प्रभुणे मध्येच येतात, त्याला माझा इलाज नाही. साताऱ्यानजीक माहुलीस, कृष्णा-वेण्णेच्या संगमावर, मी अनेकदा जाऊन बसतो, आणि त्या गावचा हा पुरुष काही केल्या मनातून हलत नाही. नारायणरावांच्या वधाबद्दल राघोबादादांना त्यांनी देहान्त प्रायश्चित्त सांगितले, हे शाळकरी पोरही जाणते. मला मोह पडतो तो श्रावणमासातील दक्षिणेच्या व्यवस्थेचा. खंडेराव दाभाड्यांनी तळेगावास सुरू केलेली आणि पुढे पेशव्यांनी पुण्यास नेलेली ती दक्षिणा म्हणजे विद्वानांची परीक्षा घेऊन योग्यतेनुसार द्रव्य देण्याची जाहीर रीत होती. आजच्या भाषेत बोलावयाचे तर, सरकारी तिजोरीवर चालणारी प्रश्नमंजुषाच. आख्यायिका अशी आहे की, शास्त्रीबुवांचे सख्खे बंधू दक्षिणेसाठी आले असता नाना फडणविसांनी त्यांस काही अधिक देण्याची सूचना केली. त्यावर रामशास्त्री म्हणाले की, यांची विद्वत्ता सामान्य आहे, सबब दक्षिणाही सामान्यच मिळेल, आणि बंधू म्हणून जे द्यावयाचे ते मी घरून देईन. ही कथा मामांना अतिशय प्रिय होती. मला मात्र तिच्या कडेला उभा असलेला एक निराळाच मनुष्य दिसतो. माहुलीच्या घाटावर बसल्या जागी ज्याला सारे शास्त्रार्थ ठाऊक होते, पण जो पुण्यास कधी गेलाच नाही, त्याची नोंद पेशवे दप्तरातील कोणत्या रुमालात मिळावी?

पुढे अमेरिकेतील ‘ट्वेन्टी-वन’ या कार्यक्रमाची हकीकत मी मामांना सांगितली. 1956 च्या अखेरीस त्या कार्यक्रमाच्या चालकांनी चार्ल्स व्हॅन डोरेन या देखण्या अध्यापकास जिंकविण्यासाठी हर्बर्ट स्टेम्पेल या स्पर्धकास हरावयास लावले. 1955 चा सर्वोत्तम चित्रपट म्हणून ‘मार्टी’ला ऑस्कर मिळाले, हे त्याला पक्के ठाऊक होते आणि तो त्याचा आवडता चित्रपट होता, तरी ठरल्याप्रमाणे त्याने ‘ऑन द वॉटरफ्रंट’ असे चुकीचे नाव सांगितले. 1959 मध्ये व्हॅन डोरेनने अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सारा प्रकार कबूल केला. “म्हणजे पेपर फुटला म्हणायचा,” असा निवाडा मामांनी तत्काळ दिला. परंतु नंतर, जेवणाचे ताट पुढे आल्यावर, ते अकस्मात म्हणाले, “त्या दुसऱ्याचं वाईट वाटतं रे. माहीत असून चूक सांगायचं, आणि तेही सगळ्यांसमोर!” व्हॅन डोरेनच्या अधःपतनावर पुस्तके झाली, रॉबर्ट रेडफर्डने 1994 मध्ये चित्रपट काढला, मामांचा कळवळा मात्र उत्तर गिळावे लागलेल्या माणसाकडे वळला. ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या सहीसाठी टिपण्या लिहिल्या, त्यांना स्टेम्पेलची व्यथा चटकन समजावी, यात नवल ते काय?

मामींचा पक्ष निराळा होता. 2004 पासून आदेश बांदेकर ‘होम मिनिस्टर’मध्ये पैठणी घेऊन घरोघर फिरू लागले आणि संध्याकाळच्या वेळी रिमोटचा ताबा हा आमच्या मामांच्या घरात दिवाणी दाव्याचा विषय झाला. चमच्यात लिंबू धरून धावण्याने कोणते ज्ञान सिद्ध होते, असा मामांचा आक्षेप. त्यावर मामींचे उत्तर तयार असे: “ते भावोजी निदान बाईला विचारतात तरी, तुझं लग्न कसं जमलं म्हणून. तुमच्या त्या प्रश्नांत बाईला विचारण्याजोगं काय असतं?” या युक्तिवादाचे खंडन मामांना कधी साधले नाही आणि मलाही साधलेले नाही.

माझा स्वतःचा राग निराळ्या गोष्टीवर आहे आणि तो मी मनसोक्त जोपासला आहे. हल्लीच्या प्रश्नमंजुषांत प्रश्न कमी आणि चरित्र फार झाले आहे. स्पर्धक येतो, मग त्याचे गाव दाखवितात, पावसात गळणारे छप्पर दाखवितात, मागून सनईसारखे काहीतरी रडते, प्रेक्षकांतील आई डोळे पुसते, आणि या सर्व सोपस्कारांतून एखादा प्रश्न धापा टाकीत बाहेर येतो तोच भोंगा वाजून कार्यक्रम उद्यावर जातो. दारिद्र्य हे लपविण्याचे कारण नाही, हे मला मान्य आहे. पण विद्वत्तेची किंमत वाढावी म्हणून दारिद्र्याचा दाखला जोडावा लागतो, ही रीत मला हीन वाटते. रामशास्त्र्यांनी बंधूंच्या घरची अडचण विचारात घेतली नव्हती.

मामा गेले त्यानंतर, ऑगस्ट 2019 मध्ये, कृष्णा आयर्विन पुलाजवळ 57 फुटांवर चढली आणि गावभागातील त्या माजघरात पाणी शिरले. संच तर गेलाच, पण मामांच्या टिपणवह्याही लगद्याच्या रूपाने बाहेर काढाव्या लागल्या. घर राहण्याजोगे होईपर्यंत मामींना आम्ही साताऱ्यास घेऊन आलो. त्या काळात त्या फारसे बोलत नसत. सप्टेंबरात एका रात्री अमरावती जिल्ह्यातील बबिता ताडे या बाई ‘करोडपती’त आल्या. शाळेत मुलांची खिचडी शिजविणाऱ्या, महिना दीड हजार रुपये मानधन मिळविणाऱ्या ताडेबाई एक कोटी जिंकून गेल्या. त्यांची खिचडी, त्यांचे मानधन, हे सारे त्या रात्री अर्थातच दाखविण्यात आले आणि मी सवयीने कुरकुर केली. मामी म्हणाल्या, “गप रे. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं म्हणून दाखवावं लागतं.” मग जरा थांबून त्यांनी जे सांगितले ते मला नवे होते. नवाथ्यांच्या त्या रात्री कुलूप लावून मामा लगेच आत आले नव्हते. दाराआड उभे राहून त्यांनी आतला जल्लोष कानांनी ऐकला होता, आणि मामी पाणी द्यावयास गेल्या तेव्हा त्यांनी विचारले होते, “मी म्हटलं तेच निघालं ना?”

मामी आता घरी परतल्या आहेत; नवा, सपाट, बिनवासाचा संच भिंतीवर आहे, आणि त्या रोज रात्री नेमाने उत्तरे देतात, पुष्कळदा बरोबर. त्यांची एकच तक्रार आहे आणि ती मी कार्यक्रमकर्त्यांच्या सेवेशी येथे सादर करतो: चारही पर्याय पडद्यावर आणखी थोडे रेंगाळू द्यावेत आणि त्यांच्यावरून जाहिरातीची पट्टी फिरवू नये, कारण चष्मा शोधून डोळ्यांस लावीपर्यंत काही वेळ लागतो.