नोंद आढळत नाही

गणपतीच्या दिवसांत आमची पुतणी बंगळूरहून पणजीला येते. माटोळी बांधून झाली, आरत्या आटोपल्या, की बल्कांवातल्या बाकावर पाय दुमडून ती आपला लॅपटॉप उघडते आणि सणाच्या दिवशीही कचेरीचे काम करीत बसते. आम्ही शेजारी वर्तमानपत्र घेऊन बसतो. वाचन थोडे आणि चौकशी फार. गेल्या चतुर्थीला ती कुठल्याशा चुकीचा माग काढीत होती. कोणी तरी, केव्हा तरी, आज्ञावलीच्या एका ओळीत दुरुस्ती केली होती, आणि ती दुरुस्ती ग्राहकाकडे गेलेल्या प्रतीत उतरली आहे की नाही हे तिला पाहावयाचे होते. तिने काही अक्षरे टंकली. यंत्राने उत्तर दिले. मध्ये आम्हांला चष्मा पुसण्याइतकाही अवकाश मिळाला नाही.

"किती वर्षांच्या नोंदी आहेत या?" आम्ही विचारले.

"बऱ्याच वर्षांच्या. लाखाच्या वर असतील, काका."

"आणि त्या सगळ्या आत्ता चाळल्या?"

"छे हो! सूची आधीच करून डिस्कवर ठेवलेली असते. ती पाहिली."

सूची हा शब्द कानी पडला की आम्ही अजून सावध होतो. सरकारी नोकरीची पहिली काही वर्षे आमची जुन्या दफ्तरांच्या सहवासात गेली, आणि त्या काळातील एका सूचीशी आमचा हिशेब मिटलेला नाही. म्हणून वर्तमानपत्राची घडी घातली आणि तिच्याकडून सारे समजावून घेतले. जे समजले ते आमच्या भाषेत सांगतो. आपल्यापैकी ज्यांची मूळ घरे पेडण्यात वा डिचोलीत आहेत आणि ज्यांनी वडिलोपार्जित जमिनीसाठी कधी मामलेदार कचेरीची पायरी झिजवली आहे, त्यांना ते फारसे परके वाटणार नाही.

एक-चौदाच्या उताऱ्यावर आज जमीन कोणाच्या नावे आहे ते दिसते. नावासमोर फेरफाराचा क्रमांक असतो. तो क्रमांक धरून मागे गेले, की आधीचे नाव. त्याच्याही मागे गेले, की त्याच्या आधीचे. आज्ञावली लिहिणाऱ्यांचीही अशीच एक फेरफार-वही असते. तिला ते 'व्हर्जन कंट्रोल' म्हणतात. त्यातील सध्या सर्वत्र चालणारी वही म्हणजे 'गिट'. लिनक्स या प्रणालीचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी २००५ साली ती आपल्याच कामाच्या सोयीसाठी तयार केली. कोणी काही बदलले की एक नोंद होते. प्रत्येक नोंदीस चाळीस अक्षरांचे नाव मिळते, आणि ते नाव कोणी ठेवीत नाही. नोंदीतील मजकुरावरूनच गणिताने निघते. मजकुरात एक काना बदलला तरी नाव बदलते. शिवाय प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीचे नाव लिहिलेले असल्यामुळे मधलेच एखादे पान कोणी बदलले, तर त्यापुढील सगळ्यांची नावे फिरतात आणि लबाडी उघडी पडते. जुन्या कागदपत्रांच्या आधारे जमिनी बळकावल्याच्या तक्रारींपायी २०२२ साली आपल्या राज्य सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले, हे आठवून आम्ही एक सुस्कारा सोडला. आमच्या दफ्तरातील पानांना अशी नावे असती तर!

पण या वहीची एक अडचण आहे. प्रत्येक नोंदीस आपला बाप ठाऊक असतो, मूल ठाऊक नसते. साखळी मागेच जाते. तेव्हा 'अमुक दुरुस्ती तमुक प्रतीत आहे काय' असे विचारले, की त्या प्रतीच्या शेवटच्या नोंदीपासून निघून एकेक पायरी मागे उतरावे लागते. नोंदी डिस्कवर दाबून, गाठोडी बांधून ठेवलेल्या असतात. प्रत्येक वेळी गाठ सोडा, नोंद वाचा, बापाचे नाव घ्या, पुढच्या गाठोड्याकडे वळा. लिनक्सच्या नोंदी २०२० सालीच दहा लाखांच्या वर गेल्या होत्या. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या सुमारास विंडोजचे सारे काम गिटमध्ये आणले, तेव्हा त्यात सुमारे पस्तीस लाख फायली आणि ३०० गीगाबाइटचा ऐवज होता. एवढा पसारा घेऊन एकेक गाठ सोडीत बसणे शक्य नव्हते, आणि निकडीतून सूची जन्मास आली. मायक्रोसॉफ्टमधील डेरिक स्टोली यांनी त्या कामात पुढाकार घेतला, आणि २०१८ सालच्या गिटच्या २.१८ या आवृत्तीत 'कमिट-ग्राफ' नावाची एक स्वतंत्र फाइल आली.

या फाइलीत नवे काहीच नाही, हे पुतणीने आवर्जून सांगितले. जे मूळ नोंदींत आहे तेच एकदा वाचून, नावांच्या क्रमाने लावून, थोडक्यात मांडून ठेवलेले. बापाचे चाळीस अक्षरी नाव पुन्हा न लिहिता तो यादीत कितवा आहे एवढा आकडा ठेवतात, म्हणजे शोधणे नको, थेट त्या ओळीवर जावयाचे. आणि सोबत एक पिढी-क्रमांक. ज्या नोंदीस पूर्वज नाही तिची पिढी पहिली; इतरांची, मागच्यांतील सर्वांत मोठ्या आकड्याहून एकाने अधिक. आता सातव्या पिढीतला पुरुष नवव्या पिढीतल्याचा वंशज असू शकत नाही, हे सांगण्यास वंशावळ उघडावी लागत नाही. त्या दिशेने शोधणे तिथेच थांबते. पुष्कळ वेळ वाचतो तो या 'नाही'मुळे.

पूर्वी हेच काम तारखांवर चालत असे. पण ज्याच्या संगणकाचे घड्याळ चुकलेले, त्याची नोंद बापाच्या आधी जन्मलेली दिसे, आणि शोध भलतीकडेच थांबण्याची भीती असे. हे ऐकून आम्हांस बरे वाटले. कागदावरच्या तारखेवर विश्वास ठेवू नये, ही गोष्ट शिकण्यासाठी आम्हांला संगणकाची गरज पडली नव्हती.

सूची करणे हे कारकुनी काम, असा एक समज आहे. गोव्यात तरी तो टिकू नये. १५९५ साली इथे दफ्तरखाना स्थापन झाला आणि दियोगु द कौतु हा इतिहासकार त्याचा पहिला रक्षक झाला. तेव्हापासून कागद साचत गेले. त्या साचलेल्या कागदांत वाट दाखविली ती सत्तरीतल्या पिसुर्लेच्या डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांनी. १९५५ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'रोतैरो' हा ग्रंथ म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानच्या दफ्तरांचा वाटाड्या. तीन दशके एका माणसाने गाठोडी सोडली, म्हणून पुढच्यांना ती आंधळेपणाने सोडावी लागली नाहीत. मराठ्यांच्या इतिहासाचा जो अभ्यासक पणजीला येतो, त्याची अर्धी पायपीट पिसुर्लेकरांनी आधीच करून ठेवलेली असते. डिस्कवर करून ठेवलेली सूची ती हीच, असे आम्ही पुतणीला म्हणालो. तिला ते पटले. निदान तिने मान हलविली.

आता आमचा हिशेब.

१९८७ चा पावसाळा. आदल्या वर्षीच्या ५ जुलैला मांडवीवरचा पूल कोसळला होता आणि उत्तरेकडून पणजीला येणारा प्रत्येक जण बेतीला बसमधून उतरून फेरीबोटीने येत असे. अशाच फेरीतून पेडणे तालुक्यातील कोरगावचे एक वृद्ध गृहस्थ आमच्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेले, छत्री काखेत, आणि कागद प्लास्टिकच्या पिशवीत कोरडे. त्यांच्या वडिलांनी पोर्तुगीज अमलात एक भाटले विकत घेतले होते. जमिनीच्या मोजणीत नाव मात्र दुसऱ्याचे लागले. आपल्याकडील जमीन महसूल कायद्याच्या कलम १०५ प्रमाणे, उलट सिद्ध होईपर्यंत नोंद खरी मानावयाची. उलट सिद्ध करण्यासाठी खरेदीखताची नक्कल हवी होती. घरचा कागद वाळवीने खाल्लेला.

"वडिलांचे नाव यशवंत," ते म्हणाले.

आम्ही नोकरीत कोवळे होतो, पण हुशारी पुष्कळ. पोर्तुगीज लेखक 'यशवंत' हे नाव 'एस्वोंता' असे लिहीत; १९११ च्या लेखनसुधारणेने तर 'वाय' हे अक्षर त्यांच्या वर्णमालेतूनच गेले होते. म्हणजे ते नाव 'वाय'खाली नव्हे, 'ई'खाली पाहावयाचे. हे गुपित ठाऊक असल्याचा आम्हांला अभिमान होता. आमच्याकडे मुक्तीनंतर टंकलेखित केलेली एक सुबक सूची होती. मूळ चामडी बांधणीचे ग्रंथ हाताळले की पाने तुटत, म्हणून वरिष्ठांची सूचनाच होती की सूची पाहावी. आम्ही 'वाय' पाहिले, 'ई' पाहिले, खात्रीसाठी 'जे'ही पाहिले. नव्हते. गृहस्थ आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा पाऊस. तिसऱ्या खेपेस त्यांनी लेखी उत्तर मागितले आणि आम्ही स्वच्छ अक्षरांत शेरा मारून दिला: 'नोंद आढळत नाही.'

"साहेब, बाबांनी अंगठा दिला तेव्हा मी तिथेच होतो," एवढेच ते म्हणाले.

१९९० साली काही ग्रंथ नव्या बांधणीस काढले, तेव्हा एका ग्रंथात आम्हांला ते खरेदीखत दिसले. एस्वोंता, कोरगाव, अंगठ्याचा ठसा, सारे काही. धावत जाऊन सूची उघडली. तिच्या पहिल्याच पानावर, शीर्षकाखाली, बारीक टंकात लिहिलेले होते की अमुक तीन ग्रंथ बांधणीकडे असल्यामुळे या सूचीत घेतलेले नाहीत. ते पान आम्ही कधी वाचले नव्हते. आमच्या आधीच्यांनीही वाचले नसावे.

कोरगावला निरोप धाडला. मुलगा आला, वृद्ध गृहस्थ वर्षापूर्वी वारले होते. दावा त्याआधीच तडजोडीने मिटला होता, अर्धे भाटले सोडून. समोरच्या पक्षाने आमचाच शेरा न्यायालयात दाखविला होता. मुलाने फी भरून नक्कल घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारले, "आता हिचे काय करू?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. तो रागावला असता तर सोपे गेले असते.

म्हणून पुतणीला आमचा एकच प्रश्न होता. जी नोंद सूचीत घेतलेलीच नाही, तिच्याविषयी तुमची ही गिट काय म्हणते?

ती हसली. "तिची पिढी अनंत धरतात, काका."

आम्हांला कळेना. तिने कागदावर काढून दाखविले. सूची एका दिवशी तयार होते. त्यानंतर नव्या नोंदी येतच राहतात. त्या सूचीत नसतात. अशा नोंदीस पिढी-क्रमांक म्हणून शून्य दिले असते तर शोधणाऱ्याने तिला खुशाल वगळले असते. म्हणून तिला सर्वांत मोठा, अनंत आकडा देतात. मोठ्या आकड्याला वगळता येत नाही. त्याला उघडून, मूळ मजकूर वाचूनच पुढे जावे लागते. पुढे २०१९ च्या सुमारास पुरवणी सूच्यांचीही सोय झाली. पण पुरवणी नसली तरी कोणाचे अडत नाही. सारी सूची पुसून टाकली तरी एकही नोंद जात नाही, काम फक्त मंदावते. मूळ नोंदींशी ती ताडून पाहण्याची आज्ञाही आहे. अशी आज्ञा आमच्या कचेरीत कोणी कोणाला दिल्याचे स्मरत नाही.

२०२० साली यात आणखी एक चाळणी आली. अमुक फाइलीला कोणत्या नोंदींनी हात लावला, या प्रश्नासाठी. प्रत्येक नोंदीसोबत काही ठिपके ठेवतात, बदललेल्या फाइलीमागे दहा. ते पाहून उत्तर दोनच प्रकारचे मिळते: 'खात्रीने नाही', किंवा 'असेल'. 'असेल' म्हटले की मूळ नोंद उघडावयाची. शंभरात एखाद्या वेळी ते उघडणे फुकट जाते. पण 'नाही' कधी खोटे ठरत नाही. आणि एका नोंदीत ५१२ हून अधिक फायली बदललेल्या असल्या, तर तिची चाळणी ठेवीतच नाहीत. तिच्याविषयी विचारले की उत्तर 'असेल'. ज्यांनी हे नियम केले ते वयाने आमच्या मुलांएवढे असतील. आम्ही त्यांच्याविषयी मनात आदर धरून बसलो होतो, आणि आतून मोदक थंड होत असल्याच्या हाका येत होत्या.

कोरगावची गोष्ट आम्ही तोवर घरात कोणाला सांगितली नव्हती. त्या रात्री पुतणीला सांगितली. तिने सगळी ऐकली, आणि सांत्वनाचे काही न बोलता विचारले, "मग काका, नंतर तुम्ही ते नाव सूचीत घातले की नाही?"

घातले. 'ई'च्या पानावर, समासात, ग्रंथाचा क्रमांक आणि पानाचा आकडा देऊन, पेन्सिलीने. शाईने लिहिण्याचा अधिकार आमच्या हुद्द्याला नव्हता.