एडनच्या किनाऱ्यावर

जेथें तृणाचें पातें दिसणेंहि दुर्मिळ, त्या अरबस्तानच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांतील एडनला मुद्दाम स्थलदर्शनासाठीं जाणारा गृहस्थ विरळाच. तथापि माझा पुतण्या तेथील बंदरांत नोकरीस असल्यामुळें 2008 च्या दिवाळीच्या सुटींत मी चेंबूरहून तिकडे गेलों. जाण्याचें खरें कारण मात्र निराळें होतें.

एडन हें एके काळीं मुंबई इलाख्याचेंच ठाणें होतें, हें आजच्या मुलांना सांगूनहि खरें वाटत नाहीं. 1839 च्या जानेवारींत कॅप्टन हेन्स यानें तें घेतलें. 1932 पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. 1937 मध्यें तें हिंदुस्थानापासून तोडण्यांत आलें, आणि 1967 च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं तें सोडलें. 1869 मध्यें सुवेझचा कालवा खुला झाल्यावर विलायतेच्या वाटेवरील आगबोटी येथें कोळसा घेत असत.

जुनें गांव एका विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखांत वसलें आहे. म्हणून इंग्रजांनीं त्यास ‘क्रेटर’ म्हटलें. सभोंवार उघडेबोडके काळे कडे, एका बाजूस समुद्र आणि सिरा बेटावरील किल्ला. कड्यांच्या घळींत तवीला येथील प्राचीन हौद आहेत. क्वचित् पडणारा पाऊस एका हौदांतून दुसऱ्यांत उतरावा, अशी त्यांची रचना आहे. एकोणिसाव्या शतकांत प्लेफेअर नांवाच्या अधिकाऱ्यानें ते पुन्हां उजेडांत आणले. मीं पाहिले तेव्हां ते कोरडे होते. पलीकडे लिटल एडनला तेलशुद्धीचा कारखाना आहे. माहुलचीं धुरांडीं पाहण्यांत जन्म गेलेल्या मला तेथें शेजारी भेटल्यासारखें वाटलें.

परंतु माझें मन दुसरीकडेच होतें. वासुदेव बळवंत फडके यांना जन्मठेप होऊन 1880 च्या आरंभीं याच एडनच्या तुरुंगांत ठेवण्यांत आलें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत कोठडीचें दार बिजागऱ्यांतून उखडून ते निसटले, आणि थोड्याच अंतरावर धरले गेले. हा प्रसंग वर्गांत सांगतांना मुलें नेहमीं विचारीत, “गुरुजी, ते लपले कां नाहींत?” त्याचें उत्तर मला त्या कड्यावर उभें राहिल्यावर मिळालें. सह्याद्रींत त्यांना आसरा देण्यास रामोशी होते, गुहा होत्या, झाडी होती. येथें आडोशास झुडूप नाहीं, तहानेस ओढा नाहीं. तुरुंगाच्या भिंतीपेक्षां बाहेरची भूमीच अधिक निर्दय. 17 फेब्रुवारी 1883 रोजीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, तेथेंच त्यांचा अंत झाला.

त्यांना ओंजळभर पाणी द्यावें, एवढाच माझा हेतु होता. पुतण्या म्हणाला, “काका, त्यांचा आपला ना गोत्राचा संबंध, ना नात्याचा; मग आपला अधिकार कोणता?” मीं म्हटलें, “बाळ, आपल्या तर्पणाची शेवटची ओंजळ ज्यांना पाणी देण्यास कोणी नाहीं त्यांच्यासाठीं असते. तिला गोत्र विचारीत नाहींत.” तो कांहीं बोलला नाहीं, पण दुसऱ्या दिवशीं पहांटे स्वतःच गोड्या पाण्याची बाटली विकत घेऊन आला. सिराच्या समोर, सदऱ्याआड जानवें अपसव्य करून, दक्षिणेकडे तोंड करून मीं घरून आणलेले तीळ आणि तें पाणी सोडलें. जवळ जाळें पसरून बसलेल्या कोळ्यानें आमच्याकडे पाहिलें, आणि न विचारतां जाळें थोडें बाजूस ओढून घेतलें.

2015 मध्यें तेथें युद्ध पेटलें, आणि अडकलेल्या आपल्या लोकांना आरमाराच्या नौकांनीं सोडवून आणलें. त्यांतील एका नौकेचें नांव ‘मुंबई’ होतें. पुतण्या त्यापूर्वींच परतला होता.

वाचकहो, एडनला जा असें मी कोणासहि सांगणार नाहीं. पण फडक्यांचें जन्मगांव शिरढोण पनवेलजवळच आहे, आणि कर्नाळ्याची झाडी तेथून हाकेच्या अंतरावर. मुलांना तेथें एकदां न्यावें, ती हिरवी राई दाखवावी, आणि मग एडनची हकीकत सांगावी. ते लपले कां नाहींत, हें त्यांना विचारावें लागणार नाहीं.