पाळण्यातले नाव

गेल्या वर्षी आमच्या घरी नातू जन्मला आणि त्याच्या नावावरून जी चर्चा सुरू झाली, ती चातुर्मासातल्या व्याख्यानमालेसारखी रोज पुढे सरकत राहिली. कन्या रास निघाली, म्हणजे अक्षरे 'प, ठ, ण'. 'ठ'वरून धड नाव कोणालाच सुचेना. 'ण'वरून आपल्या समाजाला एकच शब्द आठवतो, 'णमो'. आणि माझ्या एका भाच्याने तो खरोखरच सुचवलाही! उरला 'प'. पण आजच्या तरुण मंडळींच्या अटी फार. नाव दोन किंवा तीन अक्षरी हवे, अर्थ धार्मिक हवा पण ऐकायला आधुनिक वाटावे, परदेशी माणसालाही उच्चारता यावे, आणि शेजारच्या कोणा मुलाचे नसावे. ही शेवटची अट सर्वांत अवघड. आमच्या एका इमारतीत आज तीन 'अर्हम' आणि दोन 'वीर' नांदत आहेत. खाली उभे राहून हाक मारली की पाच खिडक्या उघडतात.

हे सारे चर्चासत्र रुग्णालयाच्या बाकावर चालले होते, हेही सांगायला हवे. बाळ सात आठवडे आधी आले. वजन जेमतेम दीड किलो. काचेच्या पेटीत त्याला ठेवले होते आणि मनगटाएवढ्याच जाडीच्या पायावर एक पट्टी होती, 'बेबी ऑफ' आणि पुढे सूनबाईचे नाव. एकोणीस दिवस त्याची ओळख तेवढीच होती. नावांच्या याद्या आम्ही काढत होतो त्या खरे तर वेळ जावा म्हणून. डॉक्टर बाहेर आले की सगळे गप्प होत, आणि ते गेले की कोणीतरी उगाचच विचारी, "मग 'प्रांशु' कसे वाटते?"

अकराव्या दिवशी जामखेडहून माझी थोरली बहीण आली. आम्ही तिला जीजी म्हणतो. काचेतून तिने बराच वेळ त्या जिवाकडे पाहिले, दोन्ही हातांची बोटे कानशिलावर मोडली आणि म्हणाली, "हा तर आपला कचरू आहे. कचरूला काही होत नसते."

मी तिच्यावर चिडलो. सूनबाईंसमोर, चार परक्या माणसांसमोर हे काय बोलणे, असे काहीसे बोललोही. जीजीने माझ्याकडे फक्त पाहिले. त्या पाहण्याचा अर्थ सांगायचा तर मला चाळीस वर्षे मागे जावे लागेल.

आमच्या वडिलांचे नाव कचरदास. आम्ही मुले त्यांना 'भाऊ' म्हणत असू, कारण आमचे काका त्यांना तसे म्हणत. त्या काळी मुलांनी वडिलांना काय म्हणायचे हे धाकट्या काकांवरून ठरे. भाऊंच्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली होती. म्हणून ते जन्मले तेव्हा आजीने त्यांना सुपात घालून उकिरड्यावर ठेवले. शेजारच्या बाईने उचलले, आणि सव्वा रुपया व ओंजळभर ज्वारी देऊन आजीने आपलेच मूल तिच्याकडून 'विकत' घेतले. कचऱ्यातून मिळालेल्या वस्तूवर काळाची नजर पडत नाही, अशी ती समजूत. आपल्या जुन्या पिढीतील कचरदास, धोंडीराम, भिकचंद, फकीरचंद ही नावे वाचली की त्यांच्यामागे बहुतेक ठिकाणी एखादा रिकामा झालेला पाळणा असतो. नाक टोचून 'नथमल' झालेलेही आपण पाहिले आहेत. कर्मसिद्धान्त मानणाऱ्या घरात हे कसे बसते, असा प्रश्न मी एकदा भाऊंना केला होता. ते म्हणाले, "सिद्धान्त स्थानकात. आई घरात असते."

मला ते नाव सोसत नसे. एम.कॉम. होऊन मी बँकेत लागलो. प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी हजेरी घेणाऱ्याने माझे नाव वडिलांच्या नावासह वाचले आणि वर्गात हशा पिकला. त्या दिवसापासून मी मधल्या जागी केवळ 'के.' लिहू लागलो. बँकेत आद्याक्षरांची पद्धतच असल्याने कोणाला वावगे वाटले नाही. पुढे माझे लग्न ठरले. पत्रिका छापून घेण्याचे काम माझ्याकडे होते. निमंत्रक म्हणून मी भाऊंचे नाव 'के. डी.' असे छापून आणले. चारशे पत्रिका.

भाऊंनी पत्रिका वाचली, घडी केली, काही बोलले नाहीत. रात्री दुकानाच्या गादीवर कंदिलाएवढ्या दिव्याखाली ते बसलेले दिसले. पुढ्यात पत्रिकांचा ढीग. प्रत्येक पत्रिकेवर 'के. डी.'च्या खाली, निळ्या शाईने, आपल्या मोडी वळणाच्या अक्षरात ते लिहीत होते, 'कचरदास'. मी दारात उभा राहिलो तेव्हा मान वर न करता म्हणाले, "खेड्यातले गिऱ्हाईक ओळखायचे नाही रे. के. डी. कोण, म्हणतील."

एवढेच. त्यानंतर त्यांनी हा विषय कधी काढला नाही, आणि क्षमा मागण्याचे मला सुचले तेव्हा ते राहिले नव्हते.

बँकेने मात्र मला नावाचे मोल नीट शिकवले. शाखेत काम करताना ध्यानात आले की आपल्या व्यापारी पेठेत माणसाची पत त्याच्या घरच्या नावावर असते आणि व्यवहार कागदावरच्या नावावर. 'पोपटशेठ' या नावाने आलेला धनादेश 'पोपटलाल' यांच्या खात्यात जमा करताना कारकून अडून बसे. एका भुसार व्यापाऱ्याने ठेवीवर नामनिर्देशन करताना पत्नीचे नाव 'छबूबाई' असे लिहिले होते. ते गेले. त्या आल्या, तर त्यांच्या सर्व कागदांवर लग्नात ठेवलेले 'कांचनबाई' हे नाव. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र मुद्रांक कागदावर करून आणा, असे मला त्यांना नियमाप्रमाणे सांगावे लागले. त्या म्हणाल्या, "साहेब, उभ्या जन्मात मला कांचन कोणी म्हटलेच नाही. ह्यांनी लिहिले तेच माझे नाव." कागद तरीही मी मागून घेतलाच. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशा ठेवी असतील त्यांनी कपाट उघडून एकदा नावे ताडून पाहावीत, ही एका माजी अधिकाऱ्याची सवयीने केलेली सूचना.

टोपणनावाला आपण गौण समजतो, पण थोरांनाही ते चुकलेले नाही. आमच्याच जिल्ह्यातल्या चिचोंडीच्या नेमिचंदांना घरात 'गोटीराम' म्हणत. दीक्षेनंतर तेच आचार्य आनंदऋषीजी झाले. जिल्ह्याचे नावही आता अहिल्यानगर झाले आहे, आमच्या तोंडी मात्र अजून 'नगर'च येते. आणि भगवंतांच्या नावाचा उगम तर आपण दरवर्षी ऐकतो. गर्भात आल्यापासून सोने, धान्य, मानमान्यता यांची घरात वृद्धी झाली, म्हणून सिद्धार्थ राजाने 'वर्धमान' नाव ठेवले. आपल्या व्यापारी मनाला ही जमेची बाजू नेमकी लक्षात राहते!

एकोणिसाव्या दिवशी बाळ घरी आले. महिनाभराने बारसे ठरले, तरी नाव ठरले नव्हते. तेव्हा सूनबाईंच्या वडिलांनी तोडगा सुचवला. ते दिगंबर आम्नायाचे, वाचन दांडगे. आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात नामकर्माची एक पद्धत सांगितली आहे, ते म्हणाले: जिनेंद्रांच्या १००८ नावांच्या चिठ्ठ्या घड्यात टाकायच्या आणि निघेल ते नाव ठेवायचे. आम्ही १००८च्या भानगडीत पडलो नाही. शिल्लक राहिलेली पाच नावे लिहिली आणि स्वयंपाकघरातल्या पितळी डब्यात टाकली. बाळाच्या आत्याने, म्हणजे माझ्या मुलीने, चिठ्ठी काढली. 'पार्श्व'. अंधारात वामादेवी मातेच्या बाजूने काळा सर्प सरकत गेला आणि तो तिने पाहिला, म्हणून ते नाव पडले, अशी आपल्याकडची कथा. सर्वांना पटले. आत्याने कानात 'कुर्रर्र' केले, पाठीवर धपाटे बसले, पेढे वाटले गेले.

जन्माची नोंद आधी नावाविनाच झाली होती. नाव घालायला मी स्वतः गेलो. असली कामे मला अजून आवडतात. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी आपल्या राज्यात मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम झाला आहे. मी तो लिहिला आणि पेन तसेच हातात धरून बसलो. पाहता पाहता जाणवले की त्या ओळीत माझे नाव नाही, ते असणारही नव्हते. कचरदास हे नाव तर आता फक्त माझ्या नावाच्या मध्ये उरले आहे, तेही बहुतेक ठिकाणी 'के.' म्हणून. खिडकीपलीकडच्या कारकुनाने विचारले, "काका, झाले का?"

घरी आल्यावर कपाटातली एक जुनी पत्रिका काढून मी सूनबाईंच्या हाती दिली. निळी शाई आता तपकिरी झाली आहे. सगळी हकीकत सांगितली. रुग्णालयात जीजीवर का चिडलो, तेही. त्यांनी ते अक्षर बोटाने चाचपले. "पण पप्पा, आत्यांनी मला त्याच दिवशी सांगितले होते," त्या म्हणाल्या. "मी रोज रात्री काचेवर हात ठेवून त्याला त्याच नावाने हाक मारत होते."

आता पार्श्वचे वजन साडेआठ किलो आहे. त्यांचे घर आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे. दुपारी मी जायला निघालो की आधी फोन करतो, आणि पलीकडून उत्तर येते, "पाच वाजता या, पप्पा. कचरूशेठ आत्ताच झोपलेत."