नावं हरवलेले आवाज

'ही डिस्क वापरण्याआधी ती फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट करायची का?' एक्स्टर्नल हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडल्यावर हा प्रश्न ज्यांच्यासमोर आला असेल, त्यांना त्याची धास्ती ठाऊक असेल. विचारणं किती अदबीचं! आणि सुचवलेला उपाय काय, तर आत आहे ते सगळं मोडीत काढा. शेजारी 'रद्द करा' असंही एक बटण असतं. डिस्कमध्ये मोलाचं काही असेल, तर तेच दाबावं. पुढची सगळी वाट तिथूनच सुटते.

माझ्यासमोर हा प्रश्न आला तो मामूंच्या डिस्कमुळे. मामू जिल्हा परिषदेच्या शाळेत प्राथमिक शिक्षक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी एक छोटा रेकॉर्डर घेतला आणि नात्यातल्या, शेजारपाजारच्या म्हाताऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टिपायला सुरुवात केली. आमच्या घरात बोलणं दखनीत, पण बाई जात्यावर बसली की ओठांवर मराठी यायची. भाऊ, माहेर, लेकीचं सासर, पहिला पाऊस हे सगळं त्या ओव्यांत असायचं. मामू म्हणायचे, "ही आमच्या बायांची मराठी कुठल्याच पुस्तकात नाही. निदान डब्यात तरी राहू दे." डबा म्हणजे ती हार्ड डिस्क. त्या डब्यात माझी नानीही होती. तिच्या आवाजाची दुसरी कुठलीही फीत घरात नाही.

मामू गेले. चाळिसावा झाल्यावर मुमानींनी ती डिस्क रुमालात बांधून माझ्या हाती दिली. म्हणाल्या, "तुझ्या मामूचं सगळं यात आहे. तूच बघ आता." घरी आणून जोडली, तर वरचा प्रश्न.

शहरातल्या एका दुकानात दाखवली. काउंटरवरच्या माणसाने बघितलं न बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारू, मग सॉफ्टवेअरने काढू परत." डिस्क परत रुमालात बांधली आणि दुकानाबाहेर पडलो. तो जे म्हणाला ते पुष्कळ ठिकाणी सर्रास केलं जातं, म्हणून त्यात धोका काय आहे ते सांगायला हवं.

हार्ड डिस्कच्या पोटात काचेची किंवा अ‍ॅल्युमिनियमची गोल तबकडी असते, तिच्यावर चुंबकीय लेप असतो. तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेते आणि वाचणारी सुई, म्हणजे हेड, तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. १९५६ साली आयबीएमने अशी पहिली डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांवर मिळून ५० लाख अक्षरं मावत. मामूंची डिस्क खिशात बसणारी, एक टेराबाइटची. आकार बदलला, पण मूळ रीत तीच राहिली. माहिती बारीक बारीक तुकड्यांत तबकडीवर लिहिलेली असते आणि कुठल्या फाइलचे तुकडे कुठे आहेत, याची एक वेगळी नोंदवही त्याच तबकडीवर असते.

गावच्या तलाठ्याकडचं दप्तर जळालं म्हणून शेत नाहीसं होत नाही. बांध तिथेच, विहीर तिथेच, उभं पीकही तिथेच. फक्त कोणतं शेत कुणाचं, हे सांगणारा कागद गेलेला असतो. डिस्क 'करप्ट' होते तेव्हा बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. नोंदवहीची पानं वाचता येत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरला अख्खी डिस्क ओसाड दिसते आणि तो भाबडेपणाने नवी कोरी वही घालायला निघतो. 'क्विक फॉरमॅट' म्हणजे ती कोरी वही. त्याने जुन्या वहीचा काही भाग झाकला जातो, बाकीचं बरंचसं जागेवर राहतं. पण पूर्ण फॉरमॅट केलं, तर विंडोज व्हिस्टापासून पुढे सगळ्या डिस्कवर शून्यं लिहिली जातात. म्हणजे शेतावरच नांगर फिरतो. त्यानंतर कुणी कितीही पैसे मागितले, तरी परत काही येत नाही. 'चेक डिस्क'ची आज्ञाही अशा वेळी जपून द्यावी. ती दुरुस्ती करते म्हणजे आजारी डिस्कवरच खाडाखोड करते.

शेवटी एका ओळखीच्याने मिरजेतल्या एका तरुणाकडे पाठवलं. सतारी बनवणाऱ्यांच्या वस्तीपासून जवळच त्याचं दुकान, खोलीभर. त्याने डिस्क जोडली आणि आधी कानाशी धरली. मला गंमत वाटली. तो म्हणाला, "चाचा, टकटक वाजत असती तर मी हातच लावला नसता. तसा आवाज आला तर हेड गेलेलं असू शकतं. चालू ठेवली तर तबकडी खरवडते. मग धूळ नसलेल्या बंद खोलीत उघडणाऱ्या लॅबकडेच पाठवावी लागते. ही शांत फिरतेय." मग त्याने दुसरं काम केलं. आमच्या डिस्कवर काही लिहिलं जाणार नाही, अशी व्यवस्था केली आणि तिची हुबेहूब नक्कल दुसऱ्या, रिकाम्या डिस्कवर उतरवायला घेतली. "आता जे काही प्रयोग करायचे ते नकलेवर. तुमच्या मामूंना त्रास नाही."

नक्कल करणारा जो प्रोग्रॅम त्याने वापरला, त्याचं नाव जीएनयू डीडीरेस्क्यू. तो फुकट मिळतो आणि त्याची पद्धत मला फार शहाणपणाची वाटली. वाचता न येणारी जागा लागली की तो तिथे डोकं आपटत बसत नाही. ती जागा एका नकाशात टिपून पुढे सरकतो. सोपं तेवढं सगळं आधी पदरात पाडून घेतो. मग नकाशा हातात घेऊन अवघड जागांकडे वळतो आणि कडेकडेने आत शिरतो. मध्येच वीज गेली, तरी नकाशामुळे काम जिथे थांबलं तिथूनच पुढे सुरू करता येतं. मरणाऱ्या डिस्ककडे वेळ थोडा असतो, हे या प्रोग्रॅमला ठाऊक आहे. चार दिवस आणि चार रात्री ते काम चाललं. वाईट जागा थोड्याच निघाल्या, पण नेमक्या नोंदवहीच्या भागात.

उरलेल्या नोंदींवरून काही फाइली नावासकट आल्या. बाकीच्यांसाठी त्याने फोटोरेक लावलं. ख्रिस्तोफ ग्रेनिए यांनी लिहिलेलं हेही मोफत मिळतं. हे नोंदवहीकडे बघतच नाही. थेट शेतात उतरतं आणि पीक ओळखतं. प्रत्येक प्रकारच्या फाइलची सुरुवात ठरलेल्या खुणेने होते; फोटोची वेगळी, ध्वनीची वेगळी. खूण दिसली की तिथून ते फाइल उचलतं. एका फाइलचे तुकडे लांब लांब विखुरलेले असतील तर मात्र त्याचाही नाइलाज होतो. शिवाय फाइलचं नाव त्या खुणेत नसतं. म्हणून फोटोरेक आपल्या मनाने नाव देतं: 'एफ' हे अक्षर आणि पुढे ती फाइल डिस्कवर ज्या जागी सापडली त्या जागेचा आकडा.

असे दोनशे चौदा आवाज माझ्या हाती आले. प्रत्येकाला पत्ता होता, नाव नव्हतं.

दुकानातल्या पोराच्या दृष्टीने काम फत्ते झालं होतं आणि ते खरंही होतं. त्याने हातात दिलं ते सोनंच होतं. मी ऐकायला बसलो तेव्हा पुढची अडचण कळली. बाई गातेय. कोण बाई? कुठलं गाव? कोणतं साल? आवाज नानीचा असेल म्हणावा, तर माझ्या कानात नानी आहे ती लहानपणची, हाका मारणारी. जात्यावरची नानी मी ऐकलेलीच नव्हती.

मग मुमानींकडे फेऱ्या सुरू झाल्या. वय ऐंशीच्या पुढे, नजर अधू, पण कान तीक्ष्ण. त्या आवाज ऐकून बाई ओळखत. कधी आवाजाच्याही आधी. "हे जातं आपलं नाही, आपलं असं घरघरत नाही. हे शेजारच्या वाड्यातलं." एका फितीत लांबून अजान ऐकू येते आणि लगेच एसटीचा हॉर्न. त्या म्हणाल्या, "मगरिबच्या वेळची गाडी. ती पुढं बंद झाली. म्हणजे त्याच्या आधीचं हे." आणि एके दुपारी, मी पुढची फाइल लावली आणि त्या काहीच बोलल्या नाहीत. पदर डोळ्यांना लावला. मग म्हणाल्या, "तुझी नानी. खाकरून सुरुवात करायची ती, बघ." मी ती फाइल तोवर तीनदा ऐकून बाजूला ठेवली होती. 'एफ' आणि सात आकड्यांची नानी.

सगळीच ओळख पटली असं नाही. एकवीस फितींतल्या बाया कोण, हे मुमानींनाही सांगता आलं नाही. ज्या सांगू शकल्या असत्या त्या कबरस्तानात आहेत. त्या फाइलींना मी नावं दिली आहेत ती अशी: 'अनोळखी बाई, जातं, बाहेर पाऊस.' 'अनोळखी बाई, मांडीवर रडणारं मूल.'

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली आणि तीच सांगायला हे लिहिलं. मामूंच्या सुरुवातीच्या फितींना ओळखायला कुणाचीच गरज पडली नाही. शाळेतल्या हजेरीची सवय! रेकॉर्डर सुरू केला की ते आधी मोठ्याने वार, तारीख, गाव आणि गाणाऱ्या बाईचं नाव म्हणत. मग म्हणत, "हं, चालू द्या आक्का." पुढे ते कॉम्प्युटर शिकले आणि हीच माहिती फाइलच्या नावात लिहू लागले. तोंडाने सांगायचं थांबलं. नोंदवही गेली तेव्हा वहीतली नावं गेली. आवाजातली नावं राहिली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर जात्यावरच्या ओव्या जमवल्या. आज त्या 'पारी'च्या संकेतस्थळावर वाचता-ऐकता येतात. तिथे ओवीसोबत गाणारीचं नाव आणि गाव असतं. पूर्वी मला ती संशोधकांची शिस्त वाटायची. आता वाटतं, नाव जोडलेलं असेल तरच तो आवाज कुणाची तरी नानी होऊन परत येतो.

तंत्राचा सल्ला थोडक्यात देतो. डिस्क रुसली तर तिच्यावर काही लिहू नका, फॉरमॅटला हो म्हणू नका, टकटक ऐकू आली तर लगेच बंद करा. ती फ्रीजरमध्ये ठेवण्याचे घरगुती उपाय करू नका, आत दव साचतं. आधी नक्कल, मग उपचार. एसएसडी असेल तर पुसलेलं परत मिळण्याची आशा फार कमी, कारण ती मोकळी झालेली जागा स्वतःच साफ करत जाते. आणि मोलाच्या गोष्टीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. मामूंचे आवाज आता तीन घरांत आहेत.

पण घरात कुणी म्हातारं माणूस गात असेल, गोष्ट सांगत असेल आणि तुम्ही मोबाइल पुढे धरणार असाल, तर तंत्राआधी एवढं करा. पहिल्या मिनिटात त्यांना त्यांचं नाव, बापाचं नाव, गावाचं नाव त्यांच्याच तोंडाने सांगायला लावा. त्या लाजतील, हसतील, "माझं नाव कशाला?" म्हणतील. तेही राहू द्या.